अण्णांना काय आठवते, हे त्यांना कुणी विचारले आहे का?

लालबागमध्ये राहणाऱ्या, पन्नाशीला आलेल्या एका वाचकांचे हे पत्र आहे. त्यांचे वडील, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, 78 वर्षांचे आहेत. ते गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर होते आणि 1982 च्या संपानंतर रखवालदारी करून त्यांनी घर चालवले. मागच्या पावसाळ्यात जिन्यावर पाय घसरून त्यांचे खुब्याचे हाड मोडले आणि ऑपरेशन झाले. दुसऱ्या रात्री मॉनिटरचा आवाज ऐकून ‘तिसऱ्या पाळीचा भोंगा झाला’ म्हणत ते उठू लागले, सलाईन ओढून काढले, लघवीची नळी उपसू पाहिली आणि चहा घेऊन आलेल्या सुनेला ‘तू ह्यात विष घातलंस’ असे सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. नवव्या दिवशी ते पूर्ववत झाले. त्या प्रकाराविषयी घरात नंतर कुणी चकार शब्द काढलेला नाही.

आता प्रोस्टेटमुळे त्यांची लघवी अडली आहे. नळी दोनदा काढून पाहिली आणि दोन्ही वेळा परत घालावी लागली. डॉक्टरांनी दुर्बिणीतून ऑपरेशन सुचवले आहे, पण अण्णा ‘मला नको’ एवढेच म्हणतात आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. ते मरणाला भ्यायले आहेत, असे मुलाला वाटते. मुलाने बेत केला आहे तो असा: नुसत्या तपासणीला जायचे असे सांगून त्यांना भरती करायचे, आदल्या रात्री आईच्या झोपेच्या गोळ्यांतली एक द्यायची आणि भूल कमरेतूनच द्यायला लावायची, म्हणजे डोक्यावर परिणाम होणार नाही. हल्ली अण्णांचा वाण्याकडचा हिशोब चुकतो, याचीही त्यांना धास्ती आहे. ‘मनात होते तेच तोंडातून आले’ असे म्हणून पत्नी या वेळी इस्पितळात रात्री थांबायला तयार नाही. शेवटी कंसात ते लिहितात, की अण्णांना ऐकायला कमी येते, पण कानाचे मशीन, चष्मा आणि कवळी मागच्या वेळी हरवतील म्हणून घरीच ठेवली होती. ऑपरेशन करावे की नाही, आणि न सांगता नेण्यात काही चूक आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही ताजा कलम लिहावा तसे कंसात घातले आहे, ते म्हणजे कानाच्या मशीनचे. त्याकडे मी येईनच. पण तुमचा बेत बहुधा येत्या काही दिवसांत अमलात यायचा असेल, म्हणून माझे मत आधीच सांगून टाकतो. ऑपरेशनचा विचार योग्य दिसतो. मात्र ते अण्णांना फसवून करू नका, आणि ती झोपेची गोळी तर मुळीच देऊ नका.

मागच्या वर्षी अण्णांना जे झाले त्याला इस्पितळात डिलिरियम म्हणतात. आपल्याकडे त्याला फार जुने शब्द आहेत. टायफॉइडच्या तापात माणूस बरळू लागला की घरातली जाणती माणसे ‘वात झाला’ म्हणत, वैद्य ‘सन्निपात’ म्हणत, आणि ताप उतरला की वातही उतरेल अशी सर्वांची समजूत असे. वातात बोललेले कुणी मनाला लावून घेत नसे. तोच प्रकार तापाऐवजी ऑपरेशननंतर झाला की मात्र आपण ‘डोक्यावर परिणाम झाला’, ‘म्हातारचळ लागला’ असे म्हणू लागतो आणि आजारी माणसाला बिघडलेला माणूस समजतो. हा आजारच आहे. शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम घसरणे, प्राणवायू कमी पडणे, तुंबलेली लघवी, एखादे औषध, न शमलेल्या वेदना यांपैकी एकदोन गोष्टी एकत्र आल्या की वयस्कर मेंदूचे भान राखण्याचे काम तात्पुरते कोलमडते. लक्ष ठरत नाही, दिवस-रात्र उलटीसुलटी होते, समोर दिसते त्याचा भलताच अर्थ लागतो, सकाळी माणूस अगदी बरा वाटतो आणि दिवेलागणीला पुन्हा हरवतो. ऑपरेशननंतर बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांत हे सुरू होते. विस्मृतीचा आजार महिनोन्‌महिने पुढे सरकत येतो, तर हा काही तासांत येऊन उभा राहतो. मोठ्या, आधी ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांनंतर ज्येष्ठांपैकी साधारण 15 ते 25 टक्के जणांना तो होतो आणि खुब्याच्या हाडाच्या ऑपरेशननंतर हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाऊ शकते. तेव्हा अण्णांचे काही जगावेगळे झाले, असे नाही.

त्यांच्या बाबतीत तर त्या भलत्या अर्थाचा धागासुद्धा हाती लागतो. साचेखात्याच्या खडखडाटात आयुष्याची उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाचे कान आधीच बधिर झालेले. त्यात मशीन घरी, चष्मा घरी. अशा माणसाला रात्री दोन वाजता जाग येते तेव्हा दूर कुठेतरी एक लांबट आवाज येत असतो, अंधुक उजेडात पांढरे कपडे हलत असतात, आणि ज्या शरीराने वर्षानुवर्षे भोंग्याच्या आवाजासरशी उठून डबा उचलला ते शरीर त्या आवाजाला त्याच्या जुन्या नावाने ओळखते. नळी आणि सलाईन ही त्याच्या वाटेतली अडचण असते, म्हणून तो ती उपसतो. त्यांच्या बाजूने पाहिले तर त्या रात्री त्यांचे वागणे विचित्र नव्हते; त्यांना कामाला उशीर होत होता.

चहाचेही तसेच. तोंड कोरडे आणि कडू झालेले, कवळी नाही, समोरचा चेहरा अस्पष्ट, आणि तो काहीतरी प्यायचा आग्रह करतो आहे. संशय हे डिलिरियमचे नेहमीचे लक्षण आहे आणि जो हात खाणे-पिणे, औषध घेऊन जवळ येतो त्याच्यावरच तो बसतो. रात्रपाळीच्या कुठल्याही अनुभवी सिस्टरला विचारा, विष घातल्याचा आरोप तिच्यावर किती वेळा झाला आहे ते ती हसत सांगेल. तुमच्या पत्नीला हे हसण्यावारी नेता येणार नाही, कारण ती परकी नव्हती आणि वॉर्ड ऐकत होता. पण तिला एवढे जरूर सांगा, की डिलिरियममध्ये मनाचे झाकण उघडून खरे बाहेर पडत नाही. मेंदू हाताला लागतील त्या चिंध्या जोडून गोष्ट शिवत असतो. त्या वेळी तिच्या जागी तुम्ही चहा घेऊन गेला असतात, तर विष तुमच्या नावावर लागले असते.

आता तुमच्या बेताकडे वळतो. ‘तपासणीला’ म्हणून नेणे कायद्यातही बसत नाही. स्वतःचा निर्णय घेण्याइतकी समज असलेल्या प्रौढ रुग्णाची संमती त्याच्याकडूनच घ्यावी लागते. तातडीचा प्रसंग नसताना रुग्णाच्या आईने दिलेली संमती त्याच्या स्वतःच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या एका निकालात स्पष्ट केले आहे, आणि जे आईला लागू ते मुलालाही. पण मला कायद्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त लागते. आपण कुठे आहोत, का आहोत, काल काय झाले आणि उद्या काय होणार आहे या चार गोष्टींना धरून माणूस भानावर राहतो. ज्याला तपासणीला नेतो म्हणून नेले आणि जो पोटाखाली बधिर अवस्थेत, नळ्या लावलेला असा जागा झाला, त्याच्याकडे धरायला यातले काहीच उरत नाही. त्याने तुमच्यावर संशय घेतला, तर तो आजार म्हणावा की अनुभव? आणि मागच्या वेळी ज्या माणसाला लोक आपल्याला फसवताहेत असा भास झाला होता, त्याला या वेळी खरोखरच फसवायचे, यातली विसंगती तुमच्याही लक्षात आली असेल.

अण्णा मरणाला भ्यायले आहेत, असे तुम्ही धरून चालला आहात. असतीलही, ‘टेबलावरच गेलो तर’ ही भीती पुष्कळांना असते आणि ती बोलून दाखवायची लाजही असते. पण हाड मोडले तेव्हा अण्णांनी ‘नको’ म्हटल्याचे तुम्ही लिहिलेले नाही. तेव्हाच्या होकारात आणि आताच्या नकारात काय घडले? मधे ते नऊ दिवस आहेत. घरात त्याविषयी कुणी बोलले नाही, हे तुम्ही समजूतदारपणा म्हणून लिहिता, मला मात्र तिथेच अडकल्यासारखे होते. माणसाला डिलिरियममधले काही आठवत नाही, असे आपण समजतो. प्रत्यक्षात बऱ्याच जणांना ते तुकड्यातुकड्यांनी आठवते, आणि आठवते तेव्हा त्यासोबत भीती आणि शरम असते. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी ऑपरेशननंतर सहा महिने सुनेकडे पाण्याचा पेलासुद्धा मागून घेतला नव्हता. घरच्यांना वाटे, यांचा राग गेलेला नाही. त्यांना मात्र आपण तिला काय बोललो ते शब्दन्‌शब्द आठवत होते आणि ती विसरली असेल या आशेवर ते गप्प होते. अण्णांचे भिंतीकडे वळलेले तोंड असेच काही सांगत नसेल ना, हे त्यांना विचारल्याशिवाय कळणार नाही.

विचारताना सगळे घर गोळा करू नका. मशीन त्यांच्या कानात असू दे, टीव्ही बंद असू दे, त्यांच्या समोर, उजेड तुमच्या तोंडावर पडेल असे बसा. साचेखात्यातली माणसे ओठांवरून पुष्कळ वाचतात. ‘अण्णा, मागच्या वेळी हॉस्पिटलात रात्री तुम्हाला काय काय दिसायचं, आठवतं का?’ एवढेच विचारा आणि मग तुम्ही गप्प राहा. कदाचित ते ‘काय नाय’ म्हणतील. त्या दिवशी तेवढेच पुरे. दुसऱ्या दिवशी तुम्हीच सांगा, की तो एक आजार होता, पुष्कळांना होतो, तुम्ही भोंगा ऐकून कामाला निघाला होतात, त्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि या वेळी तो टाळायला आम्ही काय काय करणार आहोत. एकदा तोंड उघडले की भीतीचे घटक वेगळे होतात, आणि सुट्या सुट्या भीतींवर काही करता येते. भुलीची भीती असेल तर भूलतज्ज्ञांशी त्यांची स्वतःची गाठ घालून द्या, ‘फिटनेस’च्या कागदावर सही आणण्यापुरती ती भेट उरकू नका. शुद्धीवर आल्यावर जवळ कोण असेल याची भीती असेल तर नाव घेऊन सांगा. खर्चाची असेल तर, आणि या पिढीच्या बाबतीत ती बहुतेकदा असतेच, मेडिक्लेमचा आकडा त्यांच्यासमोर ठेवा. आदल्या दिवशी त्यांची खोली किंवा वॉर्ड त्यांना नुसता दाखवून आणता आला, तर तेही करा. शस्त्रक्रियेआधी आवडीचे संगीत ऐकल्याने धाकधूक काहीशी कमी होते, असे अभ्यासांत दिसले आहे. अण्णा कोकणातले असतील तर डबलबारीची भजने आहेतच.

आता गोळी. शस्त्रक्रियेआधीच्या चिंतेमुळे पुढे डिलिरियम होतो की नाही, याबाबत अभ्यासांचा कौल एकसारखा नाही. ती चिंता उतरवायला दिलेल्या गोळीचा धोका मात्र चांगला माहीत आहे. अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम या जातीच्या गोळ्यांनी तरुणाला झोप लागते, पण 78 व्या वर्षी आणि मागे एकदा डिलिरियम होऊन गेलेला असताना त्यांनी भान सुटण्याची शक्यता वाढते. दुसऱ्याच्या नावाची गोळी, तीही डॉक्टरांना न सांगता दिलेली, ही तर मुळीच नको. इतर वाचकांसाठी उलट बाजूही सांगायला हवी: ज्या ज्येष्ठांना अशी गोळी रोज घ्यायची वर्षानुवर्षांची सवय आहे, त्यांची ती एकाएकी बंद केल्यानेही हाच प्रकार होऊ शकतो. रोज रात्री ‘थोडी’ घेणाऱ्यांची दारू इस्पितळात तुटली, तर दोन-तीन दिवसांत तेच आणि कधी त्याहून गंभीर काही होते. भूलतज्ज्ञ विचारतात तेव्हा मुले बापाची अब्रू राखायला ‘नाही, नाही’ म्हणतात. कृपा करून खरे सांगा. तंबाखूचेही सांगा.

सांगायच्या औषधांमध्ये दुकानातून परस्पर आणलेली औषधे विसरू नका. सर्दी-खाजेच्या अ‍ॅव्हिल, फेनरगनसारख्या जुन्या औषधांनी वयस्कर माणसाचे भान बिघडू शकते. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर मूत्राशयात कळा येतात म्हणून ऑक्सिब्युटिनिन किंवा टॉल्टेरोडिन दिले जाते, तेही याच गटात मोडते. ते देऊच नका, असे तुम्ही म्हणायचे नाही; मागच्या वर्षीचा प्रकार सांगून ‘याला दुसरा पर्याय आहे का’ एवढे विचारायचे. वेदनाशामक नको, असा हट्ट मात्र धरू नका. दुखणे सोसत राहिल्यानेही डिलिरियम होतो.

कमरेतून भूल दिली की डोके सुरक्षित राहते, ही समजूत फार पसरलेली आहे आणि ऐकायला पटतेही. 2021 मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या 1600 रुग्णांवरच्या एका चाचणीत खुब्याच्या ऑपरेशनसाठी निम्म्यांना कमरेतून आणि निम्म्यांना पूर्ण भूल दिली गेली. डिलिरियमचे प्रमाण पहिल्या गटात 20.5 टक्के आणि दुसऱ्यात 19.7 टक्के निघाले, म्हणजे व्यवहारात सारखेच. प्रोस्टेटचे दुर्बिणीतले ऑपरेशन बहुधा कमरेतूनच भूल देऊन करतात, त्यामुळे तुमची इच्छा आपोआप पुरी होईल, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. सोबत गुंगीचे इंजेक्शन किती आणि कोणते द्यायचे, हा प्रश्न भूलतज्ज्ञांना जरूर विचारा. उपाशी राहण्याबद्दलही विचारा. ‘रात्री बारानंतर थेंबही नाही’ ही जुनी रीत आहे. घन अन्न सहा तास आधी बंद आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत, असा आजचा सर्वसाधारण दंडक आहे, मात्र अण्णांपुरता तो त्यांच्या भूलतज्ज्ञांनी ठरवायचा. पहाटे तहानलेला नेलेला म्हातारा माणूस दुपारपर्यंत नंबर लागला नाही, तर सुकून जातो.

मग ऑपरेशन करावे का? तुम्ही असा हिशोब मांडला आहे, की केले तर डिलिरियमचा धोका आणि नाही केले तर धोका नाही. हा हिशोब बरोबर नाही. कायमची नळी म्हणजे दर काही आठवड्यांनी ती बदलणे आणि लघवीच्या जंतुसंसर्गाची टांगती तलवार, आणि तो संसर्गसुद्धा म्हाताऱ्या माणसाचे भान एका रात्रीत घालवू शकतो, तेही घरी, जिथे सिस्टर नाही. शिवाय हे ऑपरेशन मोडलेल्या हाडासारखे अंगावर कोसळलेले नाही. तयारीला वेळ आहे, ही मोठीच सवलत आहे. ती वापरा. मागच्या वर्षीचे डिस्चार्ज कार्ड दाखवून ‘यांना डिलिरियम झाला होता’ हे पहिल्याच भेटीत सांगा. वाण्याच्या हिशोबाची शंका आहे, तर स्मरणशक्तीची छोटी चाचणी आधीच करून घ्या. मेंदू आधीपासून थोडा दुबळा झाला असेल, तर त्याला धोका जास्त असतो, आणि नंतर काही बिघडले असे वाटले तर तुलनेला काहीतरी हाताशी असेल. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास त्या कधी थांबवायच्या ते विचारा. ऑपरेशन चालू असताना आतली जागा धुण्यासाठी कोणता द्रव वापरणार, हेही विचारायला हरकत नाही: जुन्या पद्धतीत ग्लायसिनचे पाणी वापरतात, ते जास्त प्रमाणात अंगात शोषले गेले तर रक्तातले सोडियम घसरून गोंधळ होतो, बायपोलर आणि लेझरच्या पद्धतींत सलाईन वापरतात. सर्व ऐकून, समजून अण्णा तरीही ‘नको’ म्हणाले, तर तो त्यांचा अधिकार आहे, आणि मग नळीसह कसे जगायचे हे शिकून घेणे हाच मार्ग राहतो. पण समजून दिलेला नकार आणि भिंतीकडे तोंड करून दिलेला नकार यांत फरक आहे.

टाळण्याच्या बाबतीत आशेला जागा आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात डॉ. शॅरन इनोये यांनी सत्तरी ओलांडलेल्या, इस्पितळात भरती झालेल्या 852 रुग्णांचा अभ्यास केला. तो 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांना दिवस-वार-ठिकाण सांगत राहायचे, चष्मा आणि श्रवणयंत्र द्यायचे, पाणी पाजायचे, लवकर चालवायचे, रात्री गोळीऐवजी गरम दूध आणि पाठीवर हात. एवढ्यावर डिलिरियमचे प्रमाण 15 टक्क्यांवरून 9.9 टक्क्यांवर आले. ते रुग्ण शस्त्रक्रियेचे नव्हते, पण ही पद्धत पुढे शस्त्रक्रियेच्या वॉर्डांतही उपयोगी पडली. यातले एकही काम असे नाही, की जे मुंबईतल्या जनरल वॉर्डात खाटेशेजारी चटई टाकून बसलेला नातेवाईक करू शकणार नाही. सोबतीला एकालाच पास मिळत असेल, तर तो दिवसापेक्षा रात्री वापरा, आणि रात्री तो माणूस थांबावा ज्याचा आवाज अण्णांना चटकन ओळखू येतो. गोंधळलेला माणूस लहानपणीच्या बोलीवर जातो. अण्णा मालवणीत बोलू लागले, तर मालवणीतच उत्तर द्या.

ते पुन्हा पाळीवर निघाले, तर ‘गिरणी कधीच बंद पडली’ असा वाद घालू नका आणि ‘हो हो, निघू या’ असेही म्हणू नका. त्यांचा हात हातात घेऊन, समोर येऊन, छोट्या वाक्यांत सांगा: ‘अण्णा, मी आहे, तुमचा मुलगा. हा आवाज मशीनचा. आपण हॉस्पिटलात आहोत. लघवीचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं. आता रात्र आहे.’ मग पुन्हा तेच, आवाज न चढवता. आणि तेवढ्यात लघवीच्या पिशवीकडे पाहा. या ऑपरेशननंतर रक्ताची गुठळी नळीत अडकून लघवी थांबू शकते, आणि तुडुंब भरलेल्या मूत्राशयाचा माणूस ‘दुखतंय’ म्हणण्याऐवजी उठून पळू पाहतो. पिशवीत येणे थांबले असेल, तर सिस्टरला त्याच क्षणी बोलवा. हात बांधायची वेळ येऊ नये, म्हणून माणूस बसवण्याची तयारी आधीच बोलून ठेवा, कारण बांधल्याने गोंधळ वाढतो. शांत करणारे इंजेक्शन स्वतःला इजा होण्याइतकी वेळ आली तर थोड्या मात्रेत देतात, पण त्याने कारण जात नाही. कारण शोधा, असा आग्रह तुम्ही धरायचा.

आरडाओरडा करणाऱ्या रुग्णाकडे निदान सगळे धावतात. मी निवासी डॉक्टर असताना, इस्पितळाचे नाव सांगत नाही, माझ्या राउंडमध्ये एक आजी होत्या. ऑपरेशनचा तिसरा दिवस. हाक मारली की डोळे उघडत, ‘बरंय’ म्हणत आणि पुन्हा मिटत. ‘किती शांत आजी’ असे मी कौतुकाने लिहिल्यासारखे केस पेपरवर लिहिले. चौथ्या दिवशी वॉर्डातल्या मावशींनी मला अडवले: ‘डॉक्टर, ह्या काल सकाळपासून वेणी घालू द्या म्हणाल्या नाहीत.’ आजींना शांत डिलिरियम झाला होता, सोडियम बरेच खाली गेले होते, आणि तो मावशींच्या डोळ्यांनी ओळखला, माझ्या नव्हे. हा गुपचूप प्रकार जास्त वेळा नजरेतून सुटतो. तेव्हा अण्णा गोंधळ न घालता नुसते पेंगत राहिले, जेवताना घास तोंडात धरून बसले, नातवाचे नाव ऐकूनही डोळे उघडेनात, तर ‘झोपू दे, दमलेत’ म्हणून सोडून देऊ नका. ‘हे असे नसतात’ हे सांगू शकणारी माणसे तिथे तुम्हीच असता.

इतके करूनही डिलिरियम होऊ शकतो. एकदा होऊन गेलेला असल्याने शक्यता आहेच. बहुतेकांचा तो काही दिवसांत ओसरतो, काहींना आठवडे लागतात आणि थोड्या जणांची स्मरणशक्ती पूर्वीच्या पातळीवर येत नाही. म्हणून घरी आल्यावर दोन-तीन महिन्यांनी ती चाचणी पुन्हा करून घ्या.

तुमच्या पत्नीने रात्री थांबावे, असा आग्रह धरू नका. दिवसाची सोबत, घरचा डबा, हवे ते ती ठरवील. मात्र अण्णांशी तुमचे बोलणे होईल आणि त्यांना ते आठवत असल्याचे निघेल, त्या वेळी ती दुसऱ्या खोलीत असू नये, असे मला वाटते. माफी वगैरे कुणी कुणाची मागायला लावू नका. ते बहुधा चहा मागतील.

राहिले मशीन. वर्षभर खणात पडलेल्या मशीनचा सेल उतरलेला असेल. नवा घालून पाहा, अण्णांच्या कानात मळ साठला आहे का ते डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि आजपासूनच ते रोज वापरायला सुरुवात करा, म्हणजे इस्पितळात ते नव्याने टोचणार नाही. एका झाकणाच्या डब्यावर ठळक अक्षरांत नाव लिहून त्यात मशीन, चष्मा, कवळी आणि सेलचे जादा पाकीट ठेवा. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी डबा तुमच्या हातात येईल. अण्णा बाहेर आले की डॉक्टर काय म्हणाले हे विचारण्याआधी मशीन कानात घाला. हरवलेच, तर नवे घेता येते.